भूगोलाचा तास मैदानावर : डिजिटल नकाशे आणि जिओकॅशिंग

अक्षांश आणि रेखांश हे शब्द शालेय भूगोलात प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. दोन्हींच्या व्याख्या पाठ होतात, रिकाम्या जागा भरल्या जातात आणि गुणही मिळतात. मात्र 'तुमच्या शाळेचे अक्षांश-रेखांश किती?' असा साधा प्रश्न विचारला की वर्गात शांतता पसरते. नकाशावरील रेघ आणि पायाखालची जमीन यांचे नाते जोडण्याचे काम केवळ फळा आणि खडू यांच्या आधारे होत नाही. उपग्रहाधारित स्थाननिश्चिती, संगणकावरील नकाशे आणि त्यांच्या साह्याने खेळला जाणारा 'जिओकॅशिंग' हा शोधखेळ यांची मदत भूगोलाच्या शिक्षकांना होते ती नेमकी येथेच.

खेळ म्हणजे काय?

एका गटाने एखादा छोटा डबा दडवून ठेवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इतरांना कळवायचे आणि इतरांनी स्थाननिश्चिती यंत्राच्या आधारे ती जागा गाठून डबा शोधून काढायचा, असे या खेळाचे थोडक्यात स्वरूप आहे. डब्यात एक नोंदवही असते. शोधणाऱ्याने तीत नाव व तारीख लिहायची आणि डबा होता तसाच पुन्हा ठेवायचा. 'जिओ' म्हणजे पृथ्वी. येथील 'कॅश' म्हणजे मात्र रोकड नव्हे. 'लपविणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो शब्द आला आहे आणि दडवून ठेवलेला साठा असा त्याचा अर्थ आहे.

या खेळाचे मूळ शोधायचे तर मागे इंग्लंडमधील डार्टमूर या माळरानापर्यंत जावे लागते. १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तेथपर्यंत पोहोचणाऱ्याने आपले कार्ड तीत टाकायचे, अशी प्रथा पडली आणि त्यातून 'लेटरबॉक्सिंग' हा छंद जन्माला आला. जिओकॅशिंग हे त्याचेच उपग्रहयुगातील रूप मानता येईल.

अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतात पूर्वी हेतुपुरस्सर त्रुटी ठेवलेली असे. त्यामुळे सामान्य यंत्रावरील जागा सुमारे १०० मीटरपर्यंत चुकत असे. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशानुसार मे २००० च्या आरंभी ही त्रुटी काढून टाकण्यात आली आणि नागरी यंत्रे एकाएकी कितीतरी अधिक अचूक झाली. त्यानंतर दोनच दिवसांत, ३ मे २००० रोजी, डेव्ह उल्मर या संगणकतज्ज्ञाने ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरील एका चर्चागटात जाहीर केले. काही घ्या, काही ठेवा, एवढाच नियम होता. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती बादली शोधून काढली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी या खेळासाठी 'जिओकॅशिंग' हे नाव सुचविले आणि सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश यांनी त्याचे संकेतस्थळ सुरू केले. आरंभी त्यावर जेमतेम ७५ नोंदी होत्या. आज जगभरातील नोंदींची संख्या ३० लाखांच्या घरात गेली आहे.

उपग्रह जागा कशी सांगतात?

खेळ सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना यामागील तत्त्व समजावून देणे अगत्याचे आहे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि दिवसातून साधारण दोन प्रदक्षिणा पूर्ण करतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सांगणारा संकेत सतत पाठवीत असतो. संकेत निघाल्यापासून पोहोचेपर्यंत लागलेल्या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. हा वेळ सेकंदाच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याइतका अल्प असतो. घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणूनच तीन उपग्रहांवरून जागा काढता येत असली, तरी यंत्राच्या घड्याळाची चूक दुरुस्त करण्यासाठी चौथ्या उपग्रहाची गरज भासते.

जीपीएस ही अशी एकमेव यंत्रणा नाही. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या यंत्रणा तिच्या जोडीला आहेत. भारताने आपल्या प्रादेशिक यंत्रणेचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडला आणि २०१६ मध्ये या यंत्रणेला 'नाविक' हे नाव देण्यात आले.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. मोबाइल फोन उपग्रहाकडे काहीही पाठवीत नाही, तो केवळ संकेत ग्रहण करतो. त्यामुळे रेंज नसलेल्या डोंगरकपारीतील शाळेतही अक्षांश-रेखांश मिळू शकतात. नकाशाचे चित्र मात्र आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावे लागते. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक साधारण ५ मीटरच्या आसपास असते. उंच इमारतींच्या दाटीत किंवा घनदाट झाडीखाली ती वाढते.

अंश, मिनिटे आणि नेहमीची चूक

विद्यार्थी सर्वाधिक गोंधळतात ते लेखनपद्धतीत. १८ अंश ३० मिनिटे आणि १८.३० अंश या दोन निरनिराळ्या जागा आहेत. एका अंशाची ६० मिनिटे असल्याने १८ अंश ३० मिनिटे म्हणजे १८.५० अंश, उलट १८.३० अंश म्हणजे १८ अंश १८ मिनिटे. या एका चुकीने माणूस सुमारे २२ किलोमीटर दूर जाऊन पोहोचतो. ही चूक कागदावर केली तर एक गुण जातो, मैदानावर केली तर डबा सापडत नाही. दुसरा धडा विद्यार्थी सहसा विसरत नाहीत.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर आणि एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. रेखांशाचे अंतर मात्र ध्रुवाकडे जाताना कमी होत जाते. पुण्याच्या अक्षवृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा भरतो. उल्मर यांची बादली ज्या ४५ अंशांच्या अक्षवृत्ताजवळ होती, तेथे तो जेमतेम ७८ किलोमीटरचा आहे. रेखावृत्ते ध्रुवांवर एकत्र येतात, हे वाक्य या दोन आकड्यांमुळे अर्थपूर्ण होते.

डिजिटल नकाशांची साधने

२००५ हे वर्ष या क्षेत्रात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी फेब्रुवारीत गूगल मॅप्स आणि जूनमध्ये गूगल अर्थ सर्वांसाठी खुले झाले. गूगल अर्थमधील अंतर मोजण्याची पट्टी, उंचीचा छेद आणि जुन्या वर्षांची उपग्रहचित्रे पाहण्याची सोय या तीन गोष्टी शिक्षकांच्या विशेष उपयोगाच्या आहेत. धरण होण्यापूर्वीचे खोरे आणि नंतरचा जलाशय, किंवा शहराभोवतीची शेते आणि आजची वसाहत एकामागोमाग दाखविता येते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ऑगस्ट २००९ मध्ये 'भुवन' हे भारतीय नकाशांचे संकेतस्थळ सुरू केले.

१७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशेही आता संगणकावर उतरवून घेता येतात. २०१७ मध्ये भारतीय नागरिकांना ही सोय विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली. या नकाशांचे क्रमांकही अक्षांश-रेखांशांवरच बेतलेले आहेत. पुणे शहराचा मोठा भाग ज्यात येतो ती पत्रिका '४७ एफ/१४' आहे. तिचा विस्तार १५ मिनिटे अक्षांश आणि १५ मिनिटे रेखांश एवढा असतो. आपल्या गावाचा पत्रिका-क्रमांक स्वतः काढणे हा वर्गासाठी उत्तम स्वाध्याय होय. जुन्या पत्रिका वापरताना मात्र सावधगिरी हवी. त्या एव्हरेस्ट संदर्भपृष्ठावर आधारलेल्या असून जीपीएसचे संदर्भपृष्ठ वेगळे आहे. दोन्हींची जुळणी न केल्यास जागा लक्षात येण्याइतकी सरकते.

२००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा लोकांनी मिळून तयार केलेला नकाशा आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरातील स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचे रस्ते रेखाटले आणि त्यांचा उपयोग मदतकार्यात झाला. आपल्या गावाची पाणंद, ओढा, बारव, वस्त्या व त्यांची स्थानिक नावे विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली या नकाशात नोंदविली, तर नकाशा वाचणारा विद्यार्थी नकाशा करणारा होतो.

डिजिटल नकाशांची एक फसगतही वर्गात दाखवावी. संकेतस्थळांवरील बहुतेक सपाट नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या एका रूपावर आधारलेले असतात. त्यात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट मोठी आहे. पृथ्वीगोल शेजारी ठेवून हा फरक दाखविल्यास प्रक्षेपण म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही.

शाळेच्या आवारातील उपक्रम

महाराष्ट्राच्या पाठ्यक्रमात या उपक्रमासाठी जागा आहे. २०१६ मध्ये आलेल्या सहावीच्या पाठ्यपुस्तकाचा आरंभ वृत्तजाळीच्या अभ्यासाने होतो, तर २०१८ मधील दहावीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे.

आवारात पाच किंवा सहा ठिकाणे निवडावीत. फोनची चूक लक्षात घेता दोन ठिकाणांत किमान २५ ते ३० मीटर अंतर असावे. प्रत्येक ठिकाणी चार-पाच वेळा नोंद घेऊन त्यांची सरासरी काढावी. पाच विद्यार्थ्यांच्या गटाला एक फोन पुरेसा होतो. एकाने फोन, दुसऱ्याने होकायंत्र, तिसऱ्याने कागदी नकाशा, चौथ्याने नोंदवही सांभाळावी आणि पाचव्याने पावले मोजावीत. ठराविक वेळाने कामांची अदलाबदल करावी, अन्यथा फोन एकाच्याच हाती राहतो.

डब्यात बक्षिसाऐवजी प्रश्न ठेवणे अधिक हिताचे. पावसाचे पाणी येथून कोणत्या दिशेला वाहते? कुंपणाच्या भिंतीतील दगड कोणता? वडाखालची माती आणि मैदानातील माती यांच्या रंगांत फरक का? उत्तर प्रत्यक्ष निरीक्षणातूनच मिळेल असा प्रश्न असावा आणि त्या उत्तरात पुढील ठिकाणाचा एक आकडा दडलेला असावा.

ध्वजस्तंभाजवळचा डबा तर एका जुन्या प्रयोगासाठी राखून ठेवावा. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास एक मीटर उंचीची काठी सपाट जमिनीवर सरळ उभी करून दिवसातील तिची सर्वांत लहान सावली मोजावी. पुण्याच्या परिसरात ती सुमारे ३३ सेंटीमीटर भरते. त्यावरून निघणारा कोन साधारण साडेअठरा अंशांचा असतो आणि पुण्याचे अक्षांशही तेवढेच आहेत. फोनवरील आकडा आणि सूर्याने सांगितलेला आकडा जुळतो, तेव्हा अक्षांश ही यंत्राने दिलेली माहिती राहत नाही. सर्वांत लहान सावली घड्याळातील बाराच्या ठोक्याला पडत नाही, हेही त्याच वेळी ध्यानात येते. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि पुण्याचा स्थानिक मध्यान्ह सरासरीने सुमारे ३५ मिनिटे उशिरा येतो.

डब्याविना शोध

प्रत्येक ठिकाणी डबा ठेवणे शक्य नसते आणि उचितही नसते. अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने २००४ पासून रूढ झालेल्या 'अर्थकॅश' या प्रकारात डबा नसतोच. दिलेल्या जागी पोहोचून तेथील खडक, भूरूप किंवा जलप्रवाह यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. महाराष्ट्रातील सहलींसाठी हा प्रकार सर्वाधिक सोयीचा आहे.

बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे त्याचे उत्तम उदाहरण. बसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. वर्गात उपग्रहचित्रावर परस्परांना काटकोनात असणारे दोन व्यास मोजावेत, विवर किती वर्तुळाकार आहे ते ठरवावे आणि नंतर काठावर उभे राहून तो अंदाज पडताळावा. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते आणि त्यामागे क्षारयुक्त पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. हे सरोवर २०२० मध्येच रामसर यादीत समाविष्ट झाले. अशा संरक्षित जागी प्रश्न न्यावेत, डबे नेऊ नयेत.

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्बटन यांचे थडगे आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्यांनी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट वाहून नेत हे काम उत्तरेकडे सरकत असताना १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. खिशातला फोन जे काम काही सेकंदांत करतो, त्यासाठी कोणे एके काळी आयुष्य वेचावे लागले, हे विद्यार्थ्यांना तेथे उभे राहून समजते.

पूर्णांकी अक्षवृत्त व रेखावृत्त जेथे छेदतात तेथे जाऊन छायाचित्र घेण्याचा 'डिग्री कॉन्फ्लुअन्स' हा प्रकल्प १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. राज्यात असे अनेक छेदनबिंदू आहेत. १९ उत्तर-७३ पूर्व हा बिंदू नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सच्या खाडीकिनाऱ्यालगत, १८ उत्तर-७४ पूर्व हा सातारा जिल्ह्याच्या वाई-खंडाळा परिसरात, तर २१ उत्तर-७९ पूर्व हा नागपूर आणि बुटीबोरी यांच्या दरम्यान येतो. आपल्या शाळेला सर्वांत जवळचा बिंदू कोणता आणि तेथे शेत आहे, खाडी आहे की वस्ती, हे आधी नकाशावर पाहून घ्यावे आणि शक्य असल्यास जमीनमालकाच्या परवानगीने तेथे जावे.

सुरक्षितता आणि शिस्त

बेवारस डबा दिसला की आपल्याकडे लोक सावध होतात आणि ते योग्यच आहे. रेल्वे स्थानक, बसथांबा, बाजारपेठ, प्रार्थनास्थळे व शासकीय इमारती यांच्या परिसरात डबे कदापि ठेवू नयेत. आवाराबाहेर उपक्रम करायचा असल्यास ग्रामपंचायत अथवा पोलिस ठाण्याला आधी कळवावे, डबे पारदर्शक असावेत, त्यांवर शाळेचे नाव व उपक्रमाचा उल्लेख असावा आणि त्याच दिवशी ते सर्व मोजून परत आणावेत. अनेक किल्ले व लेणी १९५८ च्या पुरातन स्मारके कायद्याखाली संरक्षित आहेत. तेथे खणणे, दगड हलविणे वा फटीत काही खुपसणे टाळलेच पाहिजे. वनक्षेत्रात वन विभागाची परवानगी आवश्यक ठरते.

पावसाळ्यात दगडांच्या कपारीत हात घालू देऊ नये. साप-विंचवांचा धोका लक्षात घेऊन डबा नेहमी नजरेला पडेल अशा जागीच असावा. शाळेच्या आवारातील ठिकाणे सार्वजनिक संकेतस्थळांवर नोंदवू नयेत आणि विद्यार्थ्यांच्या घरांचे अक्षांश-रेखांश किंवा स्थाननोंद असलेली छायाचित्रे प्रसृत करू नयेत.

नकाशा आणि जमीन

या शिक्षणाचे प्रयोजन खेळापुरते नाही. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर जिल्ह्याच्या (आताचा अहिल्यानगर) अकोले तालुक्यात कोतूळजवळ फोनवरील नकाशाच्या भरवशावर रात्री निघालेली मोटार पाण्याखाली गेलेल्या पुलावरून धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाला प्राण गमवावे लागले. नकाशा ही जमिनीची नोंद असते, जमीन नव्हे. नोंद जुनी होते आणि पाणी वाढते. दोन्हींची सांगड घालण्याची सवय शाळेतच लागायला हवी.

डोंगराळ भागात तर हा प्रश्न अधिक जवळचा आहे. जुलै २०१४ मध्ये माळीण, जुलै २०२१ मध्ये तळिये आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी या वस्त्या दरडींखाली गाडल्या गेल्या. दरड कोसळण्यामागे पाऊस, माती, खडक अशी अनेक कारणे असतात आणि त्यांचा निवाडा तज्ज्ञांनीच करावयाचा असतो. परंतु आपले घर किती तीव्र उताराखाली आहे, हे समोच्च रेषांवरून ओळखणे आठवीतील विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि लगतच्या दोन समोच्च रेषांत साधारणतः २० मीटर उंचीचा फरक असतो. एका सेंटीमीटरात अशी पाच अंतरे मावली, तर अर्ध्या किलोमीटरमध्ये जमीन १०० मीटर चढते, म्हणजे उतार सुमारे ११ अंशांचा होतो. रेषा याहून दाटीने आल्या की उतार त्याहून तीव्र समजावा.

त्यामुळे डोंगरपायथ्याच्या शाळांनी या उपक्रमाचे शेवटचे ठिकाण गावाच्या वरच्या अंगाला, सुरक्षित वाटेवर, पावसाळ्यापूर्वी ठेवावे. तेथून विद्यार्थ्यांनी नकाशा उघडून उतार मोजावा, ओढ्याची वाट रेखाटावी, गावातील उंचावरची मोकळी जागा हेरावी आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. भूगोलाच्या प्रात्यक्षिकाचे गुण त्यास द्यावयास हरकत नाही. गावाला त्याचा उपयोग मात्र परीक्षेनंतरही राहील.